या साल बी गूळच का रे?

घेवऱ्या,

तुझ्या सुरेशचा फोन आला होता. म्हणाला, "आबा, बाबांबद्दल चार ओळी लिहून द्या, समाजाच्या अंकात छापायच्या आहेत." सून म्हणाली, तुम्ही बोला, मी लिहिते. मी म्हटलं, घेवरबद्दल मी बोलावं अन् दुसऱ्यानं लिहावं, एवढा काही मी अजून गळालो नाही. शाळा तिसरीतच सुटली, पण अक्षरं काही बैलांनी खाल्ली नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सून बघेल. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

तुझा जन्म कुठला, दुकान कधी निघालं, मागे कोण कोण, ते सुरेश लिहील. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर होतं अन् तू उठून गेलास. लहानपणी विटी-दांडूतही तू हेच करायचास. राज्य आलं की तुला दुकान आठवायचं.

जळगावला तुझ्या उठावण्याला आलो होतो. आपल्या गावातून जीप भरून माणसं आली होती. मोठा हॉल, पांढऱ्या चादरी, तुझ्या फोटोला चंदनाचा हार. एकेक जण उठून बोलत होता. दानशूर. मृदुभाषी. मुंगीलाही दुखावलं नाही. मी फोटोकडे बघत होतो. दानशूर? तू? पारड्यातला सांडलेला एक शेंगदाणा तू मला कधी उचलू दिला नाहीस. अन् मृदुभाषी! पेंडीच्या गोणीवर मांजर बसलं की तू ज्या शिव्या द्यायचास, त्या इथं लिहिल्या तर हा अंक घरात ठेवता येणार नाही.

मला बोलायला उभं केलं. मी हात जोडले अन् खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. तसं नव्हतं. ज्याला हार घातला होता तो कोण, तेच मला कळत नव्हतं.

परत येताना जीपमध्ये उलटी तऱ्हा. आपल्या नानांचा विलास आठवतो ना, आता त्याचेही केस पांढरे झाले, तो सांगायला लागला, "शेठ खरंच गुळाचा खडा दोरीला बांधून चहात बुडवत. बुडवला की लगेच वर. मी या डोळ्यांनी पाहिलंय." जीप हसली. दुसरा म्हणाला, अन् ती दोरी धुऊन वाळत घालत. तिसरा म्हणाला, दोरी धुतलेल्या पाण्याचा परत चहा. शिरसोली मागे पडेपर्यंत तुझ्या त्या दोरीचा पार नाडा झाला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. तुझी आठवण काढत होते बिचारे. पण सगळ्या जीपमध्ये मिळून तुझी आठवण एकच.

मी म्हटलं, "तो पोहायचा."

"कोन आबा?"

"घेवर."

विलास माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मारवाडी मानूस अन् पव्हस? आबा, तुम्ही बी ना!" अन् अशी हसली सगळी, की जसं मी सोंगातलंच काही नवीन सांगितलं. माझ्या तोंडून शेठ निघाला की हसायचं, ही सवयच झालीय गावाला.

मी म्हटलं, गाडी थांबव. उतरलो. ऊन होतं. "आबा, बसा ना, चुकलं." नाही बसलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो अन् मागून आलेल्या एसटीनं घरी आलो. सून म्हणाली, या वयात हे शोभतं का? मी म्हटलं, शोभतं.

अंक वाचणाऱ्यांना सोंगाचं सांगायला हवं. तुला काय सांगायचं, तुझ्याच हातानं दर साली घडलेलं ते. आपल्या गावाला चैत्रात देवीची यात्रा. दिवस कलला की भगत बारागाड्या ओढतो. एकामागं एक जुंपलेल्या गाड्या, त्यांवर माणसं लदलेली, अन् एकटा भगत पुढे. त्याच्या आधी दुपारी सोंगांची बैलगाडी गावातून फिरते. ज्यानं जे सोंग उचललं, ते त्यानं हातपाय चालतात तोवर करायचं. देवीला बोललेलं असतं. मी उचललं मारवाडी शेठचं. पोटाला उशी, हातात तराजू, अन् दोरीला गुळाचा खडा. पाहुणा आला की त्याच्या चहात खडा बुडवायचा, पटकन ओढायचा, पारड्यात टाकून वजन करायचं, अन् छाती पिटायची, "घाटो हो गयो रे!" गाव लोटपोट. पाचोऱ्याची माणसं मुद्दाम बघायला यायची.

पहिल्या साली पगडी कुठून आणायची म्हणून मी तुझ्याकडंच आलो. आम्ही पाटील गुंडाळतो तो रुमाल शेठच्या डोक्याला कसा चालेल? तू बापाच्या पेटीतून त्याची पगडी काढलीस. लाल-केशरी, लहरी लहरींची, लांबच लांब. दुकानामागच्या गोदामात मला गोणीवर बसवलंस अन् बांधायला लागलास. सरकीच्या पेंडीचा वास, तुझी कोपरं माझ्या कानाशी, अन् तुझी बडबड. "मान हालाडू नको रे. बैल शे का तू?" अशी घट्ट, अशी सुरेख बांधायचास, की पोटाची उशी सुटायची पण पगडी कधी सुटली नाही.

सोंग तुझं, पगडी तुझ्या बापाची, बांधणारा तू. अन् गाडी दुकानासमोर आली की टाळ्या वाजवणारा पहिला माणूसही तूच. हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

मग बरीच सालं गेली अन् एकदा पगडीचा पीळ देता देता तू विचारलंस, "या साल बी गूळच का रे?"

मी म्हटलं, "मंग काय, पेढे?"

तू पुढचा पीळ घातलास. पुढच्या साली परत तेच. त्याच्या पुढच्या साली परत. आपला रामरामच झाला तो.

एकदा मी चिडलो. म्हटलं, तुला लागतं का गुळाचं? तसं सांग. तुला मोठ्या मनाचा शेठ करतो, गाडीवरून गूळ वाटतो. तर तू माझ्या डोक्यावर टप्पल मारलीस. "माले देव नको करू भो. मी कंजूष शेच. पन मी तितलाच शे का?" मग म्हणालास, "तुनी भाकर एकच बाजूनी भाजेल शे. उलटी कर ना तिले."

मी म्हटलं, भाकरीचं मला शिकवू नको, तुमच्यात फुलके करतात.

आता ते विलासचं, या डोळ्यांनी पाहिल्याचं. तो खोटं बोलत नाही, हीच पंचाईत आहे. त्यानं पाहिलंय. एका यात्रेला पाचोऱ्याचे पाहुणे सोंग बघून माझ्यावर उखडले. म्हणाले, पाटील, असा माणूस असतो का कुठे? मनचं काहीतरी दाखवता. मी छाती काढून म्हटलं, चला, खरा शेठ दाखवतो. अन् त्यांना घेऊन तुझ्या दुकानात आलो. मागून अर्धं गाव. मला वाटलं होतं, तू हसशील, पाहुण्यांना बसवशील, विषय संपेल. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. आत गेलास. चहा घेऊन आलास, अन् गोणी शिवायच्या सुतळीला बांधलेला गुळाचा खडा. प्रत्येकाच्या कपात बुडवलास अन् काढलास. चेहरा असा की हसू नाही, काही नाही. पाहुणे गार. गाव नाचलं.

रात पडायच्या आत मी तुला गाठलं. म्हटलं, काबर केलंस रे असं?

"तुले गावमा खोटा पडू देसू का?"

बस, एवढंच म्हणालास अन् दुकानाच्या फळ्या लावायला लागलास.

पण घेवऱ्या, तू काही साधूसंत नव्हतास. तुझ्याही दुकानात माझं सोंग होतं, फक्त ते दूर होतं, मारवाडात. भाभीच्या माहेरी लग्न होतं म्हणून तू मला ओढून नेलंस. "चाल, वाळू देख, उंट देख." दोन गाड्या बदलून पोचलो. अंगणात मोठाल्या पगड्यांची म्हातारी बसली होती. तू माझं नाव सांगितलंस मात्र, सगळी उठून उभी. मला वाटलं, काय मान आहे खानदेशच्या पाटलाचा! पोरं ओरडत आत पळाली, "मिरच्यां वाळो आयो! मिरच्यां वाळो आयो!"

तेव्हा मला कळलं. सासरी गेलास की तू बसून माझ्या गोष्टी रचायचास. म्हारो भायलो झिपरू, माझा दोस्त झिपरू. मिरच्या शेंगदाण्यासारख्या खातो. भांडण नसलं तर शेजारच्या गावातून उसनं आणतो. बैलाशी बोलतो, बायकोशी नाही. त्या गावात दुसरा खानदेशी कोणी कधी गेलेला नाही. तेव्हा त्यांच्या लेखी जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळी माणसं अशीच, नाकातोंडातून धूर काढणारी. एका म्हातारीनं मला विचारलं, तुमच्यात तान्ह्या मुलाला पण मिरचीच चाटवतात का?

अन् मग तुझ्या सासूबाईंनी मोठ्या प्रेमानं माझ्यापुढं ताट ठेवलं. ताटभर मिरच्या. तळलेल्या, मीठ लावलेल्या.

तुला माहीत होतं. भाभींना नव्हतं, त्या अंगणात कोणालाच नव्हतं. मला मिरची सोसत नाही. मूळव्याध आहे, ते गावातसुद्धा तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अन् आता अंकात छापलं जाणार, जाऊ दे. शेवभाजीचा लाल रस्सा मी दही घालून खातो अन् सांगतो की दही आवडतं. खरा मिरच्या खाणारा तू. माझ्या शेतात भरीत व्हायचं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. तू पापभीरू जैन, वांग्याला हात लावायचा नाहीस, सूर्य बुडायच्या आत उरकायचास, म्हणून आम्ही सगळे तुझ्यासाठी भरदुपारी भरीत खायचो. अन् तू आपला कळण्याची भाकरी अन् मिरचीचा ठेचा, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. हे सोंग कोणी केलं का कधी?

तू म्हाताऱ्यांच्या मागं उभा राहून मला खुणा करत होतास. नको. नको खाऊ. मी तुझ्याकडं बघितलं अन् पहिली मिरची उचलली. सगळं ताट संपवलं. म्हातारी माना डोलवत होती. तुझे सासरे तर ताठच झाले, जावयानं सांगितलं ते खरं निघालं.

पुढचे सगळे दिवस मी ताकावर होतो. लग्न लागलं ते मी खाटेवरून ऐकलं. तू शेजारी बसून मला साखर-तूप चाटवत होतास अन् शिव्या देत होतास. "काबर खाद्यात रे इतल्या?"

मी म्हटलं, "तुले सासरवाडीमा खोटा पडू देसू का?"

तू तोंड फिरवलंस. हसलास की काय, ते मला दिसलं नाही.

म्हणजे बघ, तुझ्यासाठी मी मिरच्या खाल्ल्या अन् माझ्यासाठी तू गूळ बुडवलास. अन् दोन्हीकडची माणसं म्हणायला मोकळी, या डोळ्यांनी पाहिलंय.

आता विहिरीचं. ते मला लिहायचं नव्हतं. तू इतकी वर्षं मागं लागलास, तरी मी तोंड उघडलं नाही. पण जीपमधलं ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

तुझा बाप दुपारी झोपायचा. तेवढ्यात तू दुकानातून निसटायचास अन् माझ्या शेतावर यायचास. "मना बाप झोपेल शे, चाल बिगी बिगी." पाण्याचं तुला वेड होतं. बापाला कळलं असतं तर त्यानं तुला मारवाडात धाडलं असतं, म्हणून गावाला ठाऊक नाही, मला एकट्याला ठाऊक. मोटरीच्या पाइपाची जाळी तळाशी गाळानं भरली की मी तुला बोलवायचो. तू कपडे काढून काठावर उभा राहायचास अन् म्हणायचास, "बिडी पेटाड. संपाना आधी वर येस." अन् सूर मारायचास. मासाच. मी बिडी ओढत काठावर. बिडी निम्मी व्हायच्या आत तू वर, हातात गाळाचा गोळा.

त्या दिवशी बिडी संपली. तू वर आला नाहीस. बोटाला चटका बसला. मी हाक मारली, विहिरीनं माझीच हाक परत दिली. पाणी हललं नाही. अन् मी उडी मारली.

मला पोहता येत नाही. गिरणेच्या काठावर जन्म गेला, पूर आला की मिशीला पीळ देऊन सगळ्यांच्या पुढं उभा राहतो, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. लहानपणी शिकलो नाही, मोठेपणी शिकायची लाज वाटली. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. उडी मारताना ते काही आठवलं नाही. बुडाल्यावर आठवलं.

तू समोरच्या कपारीत बसला होतास, सावलीला, तोंडावर हात दाबून. मला घाबरवायला. मी गटांगळ्या खायला लागलो तसा तू झेपावलास अन् माझे केस धरून मला ओढत पायऱ्यांवर आणलंस. पाठीवर बुक्क्या मारून पाणी काढलंस. मी शिव्या देत होतो अन् तू परत परत विचारत होतास. "तुले पव्हता येत नही? मंग उडी काबर मारी रे, येड्या?"

मी उत्तर दिलं नाही. ते आजही देणार नाही. तुला कळलं असेल तर कळलं.

पगडी बांधताना तू परत परत तेच काढायचास. "ते विहिरीनं सोंग कर ना भो. त्यामा आपन दोन्ही शेतस." मी म्हणायचो, देवीला बोललंय, सोंग बदलता येत नाही. तू वकिलासारखा, "देवीले तू शेठ बोलेल शे. गूळ नही बोलेल."

खरी गोष्ट देवीची नव्हतीच. त्या सोंगात शेठ पोहतो, पण पाटील बुडतो. ते मी गावापुढं दाखवू?

शेवटचा भेटलो ते जळगावला, सुरेशच्या फ्लॅटवर. तू खाटेवर, अंगावर शाल. मी पगडी न्यायला आलो होतो, यात्रा जवळ आली होती. तू सांगितलंस, नात पुण्याला हॉस्टेलवर असते, तिला मैत्रिणींनी मोबाईलवर माझ्या सोंगाचा व्हिडिओ दाखवला, तुमच्यातले लोक असेच का म्हणून. तिनं तुला फोन करून विचारलं, दादाजी, हे खरं आहे? तू रागात नव्हतास. नुसतं म्हणालास, "झिपऱ्या, गावमा जे हसेत ना, त्या बठ्ठा माले वळखेत. सोंग सरनं की त्याच लोक दुकानमा येत. या मोबाईलमा हसतस त्यासना मी कोन?"

खरं ऐकलं की मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, पगडी द्यायची नसेल तर तसं सांग. तू म्हणालास, ने ना, कधी नाही म्हटलं? पण विहीर कर. मी म्हटलं, मरेपर्यंत नाही करणार. तू म्हणालास, "कोना मरेपर्यंत?" अन् हसायला लागलास, हसता हसता खोकला. भाभी पाणी घेऊन धावल्या. मी चहा न पिता उठलो. पगडी तिथंच राहिली.

परवा सुरेश स्वतः पगडी घेऊन आला. भाभींनी धाडली. धुऊन, घडी घालून. सुरेशला म्हटलं, बांध. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, आबा, आम्ही लग्नात शिवलेला तयार साफा घालतो, टोपीसारखा. मी आरशापुढं बसलो. इतकी सालं ती पगडी माझ्या डोक्यावर बसली, पण ती बसते कशी ते मी कधी बघितलंच नाही, तू मान हलवू देत नव्हतास ना. गुंडाळली. आमच्या रुमालासारखी झाली. सोडली. परत गुंडाळली. परत रुमालच. सून दारातून बघत होती, ती आत गेली.

उद्या यात्रा. मंडळाची माणसं विचारून गेली, आबा, गूळ घरचा आणता की आम्ही आणू? मी म्हटलं, गूळ नको. गाडीत पाण्याचा हौद ठेवा अन् एक बिडी आणा. विलास म्हणाला, बिडी कशाला? मी म्हटलं, उद्या कळेल. तोही गाडीत चढणार आहे. देवीला बोललेला शेठ आधी मी करीन, मग पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून पाटील होऊन बुडेन, अन् त्याला केस धरून मला ओढायचं आहे. गाव हसेल, हसू दे. या साली माझ्यावर हसेल. अन् पगडी अशीच, रुमालासारखी, वाकडी. कोणी विचारलं तर सांगेन, बांधणारा गेला.

एवढं ठरवून मी आज सकाळी भाभींना फोन केला. म्हटलं, इकडचं मी बघतो, पण तुमच्या माहेरचं काय? घेवर होता तोवर आशा होती, कधीतरी तो तिकडं खरं सांगेल. आता तुम्ही सांगा. सांगा की झिपरूला मिरची सोसत नाही, कधीच सोसली नाही. त्या दिवशी खाल्ल्या त्या घेवरसाठी.

 पलीकडं भाभी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील.

"असं कसं सांगू, झिपरूभाऊ? ताटभर मिरच्या खाल्ल्या तुम्ही. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

ऐकलंस? इथली भाकर मी उद्या उलटी करतो. तिथली कोण करणार, घेवऱ्या?